पर्पल लाइन: रहिवाशांचा पाठिंबा आता नेमका कशासाठी मागायचा?

अंतरा_एसएस:

नमस्कार. आम्ही अलीकडेच अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग या वॉशिंग्टनच्या उपनगरात राहावयास आलो. बेथेस्डापासून न्यू कॅरल्टनपर्यंत सुमारे २६ किलोमीटर लांबीची आणि २१ स्थानकांची पर्पल लाइन ही लाइट रेल (ट्रामसारखी हलकी शहरी रेल्वे) आमच्या वस्तीजवळून जाणार आहे. मूळ वेळापत्रकानुसार ती २०२२ मध्येच सुरू व्हावयास हवी होती, परंतु अजून रस्ते खणलेलेच आहेत. आमच्या रहिवासी संघटनेपुढे या मार्गाला पाठिंबा देणाऱ्या निवेदनाचा मसुदा आला असून त्यावर दोन तट पडले आहेत. काहींच्या मते हा प्रकल्प लोकांना न विचारता लादला गेला, तर काहींच्या मते तो लोकांच्याच चिकाटीमुळे उभा राहिला. शिवाय काम चालू असताना पाठिंब्याच्या निवेदनाला काय अर्थ उरतो, हाही प्रश्न आहे. या भागात दीर्घकाळ राहिलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

जुना_मेरीलँडकर:

लोकांना विचारलेच नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. बेथेस्डा आणि सिल्व्हर स्प्रिंग यांना जोडणाऱ्या जॉर्जटाउन शाखा या रेल्वेमार्गावरील मालगाड्या १९८५ मध्ये बंद पडल्या. त्या जागेवर पुन्हा प्रवासी गाडी धावावी म्हणून काही रहिवाशांनी १९८६ मध्ये 'ॲक्शन कमिटी फॉर ट्रान्झिट' ही संस्था स्थापन केली, आणि १९८८ मध्ये माँटगोमेरी काउंटीने (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) त्या मार्गाची पट्टी विकत घेतली.

त्यांच्या मागणीमागचे कारण नकाशावर पाहताच कळते. वॉशिंग्टन मेट्रोची रेड लाइन घोड्याच्या नालेसारखी वळलेली आहे. तिच्या एका टोकाकडे बेथेस्डा आहे, दुसऱ्या टोकाकडे सिल्व्हर स्प्रिंग, आणि शेजारच्या या दोन उपनगरांमधून मेट्रोने जायचे तर वॉशिंग्टन शहराच्या मध्यापर्यंत खाली जाऊन पुन्हा वर यावे लागते. उपनगरातून उपनगरात कामाला जाणाऱ्यांचा विचार या जाळ्यात झालेलाच नव्हता.

सुरुवातीला मागणी या दोन ठिकाणांपुरतीच होती. पुढे हा मार्ग प्रिन्स जॉर्जेस काउंटीत, मेरीलँड विद्यापीठावरून न्यू कॅरल्टनपर्यंत वाढवण्यात आला, आणि माझ्या मते ही योजना तगली ती याच निर्णयामुळे. पश्चिमेकडील श्रीमंत वस्तीतील एका जुन्या पट्टीचा वाद तेव्हा दोन काउंटींचा प्रश्न झाला. मेट्रोच्या ग्रीन व ऑरेंज लाइन आणि मार्क उपनगरी रेल्वेच्या तिन्ही शाखा तिला जोडल्या गेल्या, त्यामुळे पर्यावरणवादी, कामगार संघटना आणि व्यापारी एकाच व्यासपीठावर आले. विद्यापीठाच्या आवारातून, कॅम्पस ड्राइव्हवरून मार्ग नेण्यास तेथील प्रशासनाचा आधी ठाम विरोध होता. वॉलेस लोह विद्यापीठाचे अध्यक्ष झाल्यावर ती भूमिका बदलली.

२००९ मध्ये राज्यपाल मार्टिन ओमॅली यांनी जलद बसऐवजी लाइट रेलची निवड केली. २०१४ मध्ये राज्यपालपदी निवडून आलेले लॅरी होगन यांना हा खर्च मान्य नव्हता, तरीही जून २०१५ मध्ये त्यांनी काटछाट करून आणि काउंटींचा वाटा वाढवून मार्गाला संमती दिली. त्याच वेळी त्यांनी बाल्टिमोर शहरातील रेड लाइन ही वेगळी नियोजित लाइट रेल मात्र रद्द केली. तिलाही लोकांचा पाठिंबा होता, त्यामुळे केवळ पाठिंब्याने रूळ पडतात असा दावा मी करणार नाही. मात्र जिथे नकार देणे राज्यकर्त्याला सोपे असते, तिथे तो नकार अवघड करून ठेवणे एवढे काम संघटित नागरिक नक्कीच करू शकतात, आणि येथे त्यांनी ते तीस वर्षे केले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राची मंजुरी रद्द केली, जुलै २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने ती पूर्ववत केली आणि पुढच्याच महिन्यात ९० कोटी डॉलरच्या केंद्रीय अनुदानासह काम सुरू झाले. २०२० मध्ये मुख्य बांधकाम कंत्राटदार वाद होऊन बाहेर पडला आणि नवा २०२२ मध्ये आला. या सगळ्यात प्रकल्प मोडीत निघाला नाही, यात त्या नागरिकांचा वाटा मी मोठा मानतो.

वाटसरू_बेथेस्डा:

वरील इतिहास खरा आहे, परंतु त्यात एक बाजू राहिली. त्याच पट्टीवर बेथेस्डापासून पूर्वेकडे झाडांच्या सावलीतून जाणारी खडीची पायवाट होती. हजारो लोक तिच्यावर चालत आणि सायकल चालवत असत. २०१७ मध्ये ती बंद झाली आणि वृक्ष तोडले गेले. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांना सरसकट स्वार्थी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. खर्चाचा अंदाजही मूळ आकड्यापेक्षा कित्येक अब्ज डॉलरांनी वाढला आहे. निवेदनावर सही करताना हे विसरू नये, एवढीच विनंती.

जुना_मेरीलँडकर:

वृक्ष गेले हे नुकसान खरेच आहे आणि ते भरून निघण्यास एक पिढी लागेल. मात्र रुळांच्या शेजारी फरसबंद मार्ग पुन्हा बांधला जात आहे. जुनी वाट सिल्व्हर स्प्रिंगच्या आधीच संपून लोकांना रस्त्यावर आणून सोडत असे. नवी थेट तेथील स्थानकापर्यंत जाणार आहे. ती रेल्वेसोबतच खुली व्हावी, हा आग्रह पाठीराख्यांनीच धरला पाहिजे.

लँगली_पार्क_शेजारी:

अंतराताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते मार्गावरील लाँग ब्रांच आणि लँगली पार्क या वस्त्यांमध्ये आहे. आपल्यापैकी अनेकजण युनिव्हर्सिटी बुलेव्हार्डवरील भारतीय किराणा दुकानांत आणि उपाहारगृहांत वर्षानुवर्षे जात आले आहेत. त्यांच्या आसपास मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांकडे मोटार नाही, आणि बस हेच त्यांचे वाहन आहे. या मार्गाची सर्वाधिक गरज त्यांना आहे, आणि खणलेल्या रस्त्यांमुळे गिऱ्हाईक तुटले तेही त्यांच्याच लहान दुकानांचे. रेल्वे सुरू होईपर्यंत दुकान टिकले नाही किंवा भाडे परवडेनासे झाले, तर ज्यांच्या नावाने ही योजना मागितली गेली तेच तिच्यातून कधी प्रवास करणार नाहीत.

ही भीती नवी नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या नॅशनल सेंटर फॉर स्मार्ट ग्रोथच्या पुढाकाराने 'पर्पल लाइन कॉरिडॉर कोएलिशन' उभी राहिली आणि २०१७ मध्ये दोन्ही काउंटींच्या प्रमुखांसह अनेकांनी एका सामुदायिक विकास करारावर सह्या केल्या. परवडणारी घरे टिकवणे, स्थानिक दुकाने वाचवणे, रहिवाशांना रोजगार मिळवून देणे ही त्याची उद्दिष्टे आहेत. माँटगोमेरी काउंटीने २०२३ मध्ये भाडेवाढीवर मर्यादा घालणारा कायदा केला. जुन्या इमारतींत ती वर्षाला सहा टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, मात्र नव्या इमारती काही वर्षे त्यातून वगळल्या आहेत. लँगली पार्क प्रिन्स जॉर्जेस काउंटीत येते आणि तिथे वेगळा कायदा लागू आहे, म्हणून दोन्ही काउंटींच्या परिषदांकडे पत्र जाणे आवश्यक आहे.

अंतरा_एसएस:

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. म्हणजे निवेदनात पाठिंब्यासोबत मागण्याही असाव्यात, असे आपले म्हणणे आहे का? आमच्यातील काहींना वाटते की अटी घातल्या तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल.

लँगली_पार्क_शेजारी:

होय, मागण्या असाव्यात, आणि त्या नेमक्या असाव्यात. काम अर्ध्याहून पुढे गेले आहे. आता ते थांबवण्याची मागणी कोणी गांभीर्याने करू शकत नाही, त्यामुळे ती भीती २०१५ पूर्वी योग्य होती, आज नाही. दुकानांसमोरचे पदपथ आणि वाहनतळाकडे जाणारे रस्ते काम चालू असताना खुले ठेवावेत, रस्ता बंद होण्याची सूचना इंग्रजीसोबत स्पॅनिशमध्येही आधी मिळावी, तोटा सोसलेल्या दुकानदारांना अनुदान मिळावे आणि स्थानकांभोवतीच्या नव्या बांधकामात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे राखून ठेवावीत, एवढे स्पष्ट लिहा. त्यासोबत स्थानकापर्यंत चालत जाण्यासाठी सुरक्षित पदपथ आणि दिवे मागा, कारण युनिव्हर्सिटी बुलेव्हार्ड ओलांडणे आजही जोखमीचे आहे. आणि मसुदा पक्का करण्यापूर्वी आपल्या जवळच्या लाँग ब्रांचमधील भाडेकरूंना व दुकानदारांना एखाद्या सभेस बोलवा. शक्य झाल्यास ती सभा रविवारी ठेवा आणि स्पॅनिश दुभाष्याची सोय करा.

वाटसरू_बेथेस्डा:

त्यात पायवाटेची मागणी जोडली आणि तोडलेल्या वृक्षांच्या बदल्यात त्याच पट्टीलगत लागवड व्हावी असे लिहिले, तर मी आमच्या भागातील सह्या गोळा करून देईन.