मदत हवी आहे: साकुना गेममध्ये वासाचा तांदूळ कसा काढायचा? दरवर्षी चिकटच येतोय

नमस्कार मंडळी, इथे कोणी साकुना: ऑफ राइस अँड रुइन खेळलंय का? २०२० मध्ये आलेला जपानी गेम आहे, एडेलवाइस नावाच्या छोट्याशा टीमचा, अर्धा वेळ राक्षसांशी मारामारी आणि अर्धा वेळ भातशेती. मी शेतीसाठीच खेळते. बियाणं निवडा, रोपं करा, लावणी, खाचरात पाणी किती ठेवायचं, तण, कापणी, भारे वाळवणं, झोडणी, मग सडणं (म्हणजे कांडून तूस-कोंडा काढणं), सगळं आपणच करायचं, आणि एवढ्या खोलात गेलेली शेती मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसली नाही. गेम आला तेव्हा जपानमधले लोक चांगलं पीक यावं म्हणून तिथल्या कृषी मंत्रालयाची वेबसाइट उघडून बसायचे, म्हणून मीही म्हटलं आपल्याकडच्या माहितगारांना विचारावं.

अडचण अशी आहे की तांदळाचे सहा गुण मोजले जातात, उत्पन्न, चव, कडकपणा, चिकटपणा, रूप आणि सुगंध. माझा चिकटपणा कायम पुढे आणि सुगंध सगळ्यात मागे. आमच्या घरी दादरला मोदकाच्या पिठीला आंबेमोहोर लागतो, रोजच्या वरणभाताला वाडा कोलम आणि मऊ भात करायचा असला की इंद्रायणी, तर मला वाटलं गेममध्येही एक वर्ष असा, एक वर्ष तसा तांदूळ काढता येईल. पण दुकानात वेगळं बियाणं मिळतच नाही, आहे त्याच बियाण्यातून काढायचंय.

सध्या पाणी बरंच ठेवते, रोपं जवळजवळ लावते, खतात पानाचं, दाण्याचं आणि मुळाचं असं तिन्ही सारखं घालते, आणि सडताना पूर्ण पांढरा करते. यातलं नक्की काय बदलू? पाणी मधे एकदा काढून टाकायचं असतं का, आणि कधी? ब्राउन ठेवला तर फरक पडतो का? प्लीज जरा डिटेलमध्ये सांगा, नुसतं गाइड बघ म्हणू नका, ती इंग्रजी गाइडं एकमेकांच्या उलट सांगतात.

कर्जतचा_भात: ताई गेम नाही खेळलो पण भात लावतो, तेवढ्यावर सांगतो. खऱ्या शेतात वास हा मुळात बियाण्यातच असतो. बासमती काय, आंबेमोहोर काय, त्यांच्या वासाचं मुख्य द्रव्य एकच, २-असिटिल-१-पायरोलिन, आणि ते ज्या जातीत तयार होतं त्याच जातीत येतं, कोलमला कितीही खत घाला आंबेमोहोर होणार नाही. चिकटपणाचंही तसंच, दाण्यात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) कमी असलं की भात चिकट होतो, आणि जपानी आखूड दाण्यात ते कमीच असतं, त्यामुळे तुमचा भात चिकट येतोय यात नवल नाही. इंद्रायणी बघा ना, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेली, म्हणून तिला थोडा वासही आहे.

आता लागवडीतून काय करता येतं ते. बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, वर तरंगतं ते पोचट, काढून टाका. दाटी करू नका, हवा खेळली नाही की करपा रोग येतो. आमच्याकडे चारसूत्री पद्धतीच्या लावणीत १५ आणि २५ सेंटीमीटर आलटून पालटून अंतर ठेवतात. फुटवे (रोपाच्या बुडाशी फुटणाऱ्या नव्या काड्या) भरपूर आले की पाणी काढून जमीन जरा सुकू द्यायची, म्हणजे मुळं खोल जातात आणि फालतू फुटवे थांबतात, मग परत पाणी. पोटरीपासून (लोंबी बाहेर पडायच्या आधी, ती आतच भरते तेव्हापासून) दाणा भरेपर्यंत मात्र खाचर सुकू द्यायचं नाही. कापणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी तोडायचं. आणि नत्र जास्त झालं तर पीक नुसतं हिरवंगार होऊन लोळतं, हे कायम लक्षात ठेवा.

मुलुंड_गेमर: काकांनी सांगितलेलं बी निवडणं, दाटी, मधे पाणी काढणं हे सगळं गेममध्येही तसंच चालतं, म्हणून तर मला हा गेम एवढा आवडतो. फक्त जात बियाण्याने ठरत नाही, तुम्ही वर्षभर काय केलं त्याने ठरते, हाच मोठा फरक. आणि गुण एका वर्षापुरते नसतात, दर कापणीला मागच्यात भर पडत जाते, त्यामुळे सुगंध मागे असेल तर दोन-तीन वर्षं त्याच्याच मागे लागावं लागेल, एका वर्षात कोलमचा आंबेमोहोर नाही होणार. तिन्ही खतं सारखी घालू नकोस, एका वर्षात एकच गोष्ट बदल आणि कापणीनंतरचे आकडे लिहून ठेव, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही. सडताना ब्राउन ठेवला की साकुनाचे (गेमच्या नायिकेचे) वाढणारे आकडे वेगळे असतात, एकदा करून बघच. आणि शेतीच्या गुंडाळ्या मिळतात त्या वाचल्यास का? बरेच जण फिरताना उचलतात आणि उघडतच नाहीत. लावणी ताउएमोनवर (गेममधला साकुनाचा सोबती) सोडू नकोस, स्वतः कर.

आणि खरोखर दोन वेगळी पिकंच हवी असतील तर फार्मिंग सिम्युलेटर २५ बघ, त्यात साधा तांदूळ आणि लांब दाण्याचा तांदूळ अशी दोन पिकं आहेत, आणि हुतान पंताई म्हणून पूर्व आशियाच्या धर्तीवरचा मॅप आहे.

दादरची_मी: दोघांनाही खूप खूप धन्यवाद! गुंडाळ्या अर्ध्या वाचायच्या राहिल्यात, आज रात्री सगळ्या वाचते. या वर्षी फक्त लावणीतलं अंतर वाढवते, बाकी सगळं तेच ठेवते आणि आकडे इथे टाकते. काका एकच विचारते, फुटवे भरपूर आले हे बघून कसं ओळखायचं? गेममध्ये रोपाजवळ जाऊन बघता येतं पण मला सगळी सारखीच दिसतात.

कर्जतचा_भात: चुडातल्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यातल्या) काड्या मोजा. लावलेल्या रोपाभोवती नवीन काड्या फुटून चूड चांगला जाड झाला आणि वरून बघताना ओळींमधलं पाणी दिसेनासं व्हायला लागलं की झालं.