इराणी सिनेमा : कियारोस्तामी कोणत्या क्रमाने पाहावेत?

माधुकरी :
आमच्या वाचनालयात दरमहा एक चित्रपट दाखवतात आणि नंतर त्यावर चर्चा होते. मजीद मजीदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ आणि असगर फरहादी यांचा ‘अ सेपरेशन’ मंडळींना मनापासून आवडले. आता अब्बास कियारोस्तामी यांच्याकडे वळावे असे वाटते. मात्र त्यांचे चित्रपट फार संथ असतात असे ऐकून काही ज्येष्ठ सभासद साशंक आहेत. १९९७ साली कान महोत्सवात पाम द’ऑर हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या ‘टेस्ट ऑफ चेरी’ने सुरुवात करावी का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तररात्र :
‘टेस्ट ऑफ चेरी’ने मुळीच करू नये. आत्महत्या करायला निघालेला गृहस्थ आपल्यावर माती लोटणारा माणूस शोधत तेहरानबाहेरच्या टेकड्यांवरून गाडी फिरवतो, आणि त्याच्या निर्णयाचे कारण दिग्दर्शक शेवटपर्यंत सांगत नाही. या दिग्दर्शकाची ओळख नसलेला प्रेक्षक तिथे अडखळतो.

‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ (१९८७) आधी लावा. गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर केला म्हणून मास्तर एका मुलाचा कागद फाडतात आणि पुन्हा असे झाले तर शाळेतून काढून टाकीन, अशी तंबी देतात. त्याच दिवशी त्या मुलाची वही चुकून अहमदच्या दप्तरात येते, आणि ती परत करण्यासाठी तो कोकेर गावातून शेजारच्या पोश्तेपर्यंत धावतो. वाटेत त्याचे आजोबा, स्वतःच्या खिशात सिगारेटी असूनही, केवळ शिस्त लागावी म्हणून त्याला सिगारेटी आणायला घरी पिटाळतात. मुलाचे म्हणणे एकाही मोठ्या माणसाच्या कानावर पडत नाही, हे इतक्या साधेपणाने मांडलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही. तुमच्या ज्येष्ठ सभासदांना हा चित्रपट संथ वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

जून १९९० मध्ये त्या भागात भीषण भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. आपल्या चित्रपटातली मुले वाचली का, हे पाहायला कियारोस्तामी स्वतः तिकडे गेले. त्या प्रवासावर त्यांनी ‘लाइफ, अँड नथिंग मोअर’ (१९९२) केला. त्यात भूकंपानंतर लगेच लग्न केलेल्या जोडप्याचा छोटा प्रसंग आहे. ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’ (१९९४) त्याच प्रसंगाच्या चित्रीकरणाची गोष्ट सांगतो : पडद्यावर नवरा झालेल्या तरुणाचे नवरी झालेल्या मुलीवर खरोखरीच प्रेम आहे, आणि ती मात्र त्याच्याशी बोलायलाही तयार नाही. प्रत्येक चित्रपट आधीच्या चित्रपटाची पडद्यामागची बाजू उघडतो, त्यामुळे इथे क्रम मोडला की निम्मी गंमत गेली.

पडदानशीन :
पहिल्या चित्रपटाबाबत सहमत आहे. पण लागोपाठ तीन महिने एकच परिसर दाखवणे मला जड वाटते. मधे जाफर पनाही यांचा ‘ऑफसाइड’ (२००६) घ्यावा. इराणमध्ये तेव्हा बायकांना स्टेडियममध्ये मज्जाव होता; म्हणून फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील इराण–बहारीन सामना पाहण्यासाठी मुलांच्या वेशात आलेल्या मुलींना स्टेडियममध्येच कठड्याआड अडवून ठेवतात. सामना त्यांना दिसत नाही, तेव्हा पहाऱ्यावरचा एक सैनिक त्यांना खेळाचे वर्णन ऐकवतो. सैनिकालाही खलनायक न करणे ही पनाहींची मोठी ताकद आहे. चर्चा रंगेल, कारण मुद्दा सर्वांच्या ओळखीचा आहे.

माधुकरी :
दोघांचेही आभार. एखादा लघुपट जोडता येईल का?

उत्तररात्र :
पडदानशीन यांची सूचना योग्य आहे; ‘ऑफसाइड’ पहिल्या चित्रपटानंतर घ्या, मात्र पुढचे दोन एकामागोमाग ठेवा, म्हणजे लग्नाचा प्रसंग प्रेक्षकांच्या ताज्या स्मरणात राहील. लघुपटासाठी कवयित्री फरूग फरूखजाद यांचा ‘द हाउस इज ब्लॅक’ जरूर दाखवा. तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवरचा हा माहितीपट वीस-बावीस मिनिटांचा आहे. रोगाने विद्रूप झालेले चेहरे त्यात अगदी जवळून दिसतात, तेव्हा सभासदांना आधी तशी कल्पना द्यावी. शिवाय त्यानंतर लगेच मोठा चित्रपट सुरू करू नये. थोडी विश्रांती अवश्य ठेवावी.