गोव्यात जे घडलं ते सगळं 'इन्क्विझिशन' म्हणायचं का?

झुआरीकाठ
आमचं कुलदैवत मंगेश. १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीहून लिंग झुआरीपलीकडे प्रियोळला नेलं, हे लहानपणापासून ऐकत आलोय. परवा एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, "इन्क्विझिशनने देवळं पाडली." सभागृहाने मान डोलावली. मला ते खटकलं, म्हणून हा धागा.

दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळं १५६७ ला पाडली ती रायतूरच्या किल्ल्याच्या कप्तानाने. अनाथ हिंदू मुलं जेझुइट पाद्र्यांच्या हवाली करायचा १५५९ चा कायदा पोर्तुगालच्या राजाचा. कोकणी सोडून पोर्तुगीज बोला, हा १६८४ चा हुकूम व्हाइसरॉयचा. इन्क्विझिशन म्हणजे १५६० ला जुन्या गोव्यात बसलेलं धर्मन्यायालय, आणि त्याचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर. म्हणजे तिथल्या कोठड्यांत कोण होतं? बहुतेक नवख्रिस्ती. मागे राहिलेले आपलेच भाऊबंद. त्यांचं दुःख आपण आपल्या नावावर सांगतो आणि त्यांना मात्र विसरतो.

सांजवात
असहमत. ही वाटणी कागदावरची आहे. ख्रिस्ती झालेल्या शेजाऱ्याकडे चोरून पूजा सांगायला गेलेला भट, किंवा कुणाला बाटण्यापासून अडवणारा हिंदू, हेही त्या न्यायालयाच्या तावडीत सापडत होते. आणि ते बसत कुठे होतं? आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, पूर्वी व्हाइसरॉय राहायचे तिथे. लोक त्या वास्तूला नुसतं 'व्हडलें घर' म्हणायचे. कायदा राजाचा, कोठडी धर्माची, कप्तान सरकारचा. ज्याच्या दारात शिपाई येतो त्याने शिक्का कुणाचा ते बघत बसायचं का?

जुना_दप्तरी
झुआरीकाठ यांचं पटतं. आकडेही बघा. १५६१ ते १७७४ मध्ये १६,००० हून अधिक लोकांवर खटले चालले. त्यातल्या ५७ जणांना प्रत्यक्ष जाळलं, ६४ जणांचे पुतळे जाळले. एकेक जीव मोलाचा, पण व्हॉट्सॲपवर फिरतात ते 'लाखो' कुठून आले? खोटा आकडा सांगितला की खरा आकडाही कुणी मानत नाही.

सांजवात
लाखो चूकच, मान्य. पण ५७ वर थांबू नका. गार्सिया द ओर्ता घ्या. बाटून ख्रिस्ती झालेल्या ज्यू घराण्यातला वैद्य. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ ला गोव्यातच छापला गेला. तो १५६८ ला वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. आणि १५८० ला त्याची हाडं उकरून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी!

डेलॉन नावाच्या फ्रेंच डॉक्टरला दमणहून पकडून आणलं. दोनेक वर्षं कोठडीत. आरोप काय, तक्रार कुणी केली, हे सांगायचं नाही. तुझा गुन्हा तूच आठवून कबूल कर, ही तिथली रीत. त्याने कोठडीत जीव द्यायचा प्रयत्न केला. सुटल्यावर त्याने सगळं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. तो ५७ मध्येही नाही आणि ६४ मध्येही नाही. शिवाय १८१२ ला न्यायालय कायमचं बंद झाल्यावर खटल्यांची बहुतेक कागदपत्रं नष्ट केली गेली. दप्तरी, तुम्हीच सांगा, हिशेब कशाच्या जोरावर मांडायचा?

जुना_दप्तरी
लिस्बनला उरलेल्या याद्यांच्या जोरावर. तेवढंच हातात आहे. पण एक मान्य करतो, भीती यादीत उतरत नाही.

झुआरीकाठ
सांजवात, ओर्ता आणि डेलॉन, तुमची दोन्ही उदाहरणं ख्रिस्ती म्हणून पकडलेल्यांचीच आहेत. माझा मुद्दा तोच आहे. इन्क्विझिशनचा १७३६ चा फतवा वाचा. तो कुणासाठी होता? नवख्रिस्त्यांसाठी. दारात तुळस लावू नका, लग्नात हळद लावू नका, ओव्या म्हणू नका, बिनमिठाचा भात खाऊ नका, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये. बाटून पावणेदोनशे वर्षं झाली तरी हे लोक तुळस लावत होते, म्हणून तर बंदी घालावी लागली. आपण देव घेऊन नदी ओलांडली. त्यांनी इथे राहून हे सांभाळलं.

सांजवात
हे मनाला लागलं. तरी व्याख्यानातलं वाक्य मी खोटं म्हणणार नाही. अपुरं म्हणेन.

माडाची_सावली
मी कुठ्ठाळीचा, ख्रिस्ती. हा विषय निघाला की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू जाब मीच द्यायचा. माझ्या पणजोबांच्या पणजोबांनाच तर त्या घराची भीती होती. अपुरं म्हटलंत ते बरं केलंत, पण ते व्यासपीठावरूनही म्हणा. आमच्याकडे अजून लग्नाच्या आधी नवरानवरीला नारळाचा रस चोळतात, आणि चोळताना बायका गातात. माझी आजी त्याला ओव्याच म्हणायची.