जिप्सीचं इंजिन, स्पिटफायरची बॉडी: फॅन पट्ट्यावरचा की करंटवरचा?

सिडको_एन५
मंडळी, माझ्या गॅरेजात दोन पार्ट्या पडल्यात, म्हणून इथं विचारतो. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. मूळ १२९६ सीसीच्या ब्लॉकला तडा गेलेला. त्या जागी मारुती जिप्सी किंगचं १२९८ सीसी इंजिन, गिअरबॉक्ससकट बसवलं. (दोन सीसी वाढवायला दोन वर्षं गेली, हसू नका.)

आता पंख्यावर घोडं अडलंय. जिप्सीचा क्लच फॅन (पट्ट्यावरचाच, पण गरज नसली की सैल सुटणारा पंखा) वॉटर पंपाच्या पुलीवर येतो आणि माझ्याकडं पुलीपासून रेडिएटरपर्यंत जागा आहे पावणेतीन इंच. क्लच काढून साधा पंखा लावलाय, तो कसाबसा फिरतो. आमच्या संभाजीनगरात जालना रोडला क्रांती चौक ते सिडको सिग्नल खात गेलो की तापमानाचा काटा लाल. मी म्हणतो सरळ इलेक्ट्रिक फॅन लावू, रेडिएटरच्या मागून वारा ओढणारा, काऊलसकट (पंख्याभोवतीचं कडं). मिस्त्री म्हणतात, "करंटच्या पंख्यावर इंजिन सोडायचं नसतं."

परभणीकर_काका
मिस्त्री बरोबर बोलायलेत. आमच्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्री असतंय. पट्टा फिरतोय तोवर पंखा फिरतोय, त्यात बिघडायचं काय? इलेक्ट्रिकला फ्यूज, रिले, सेन्सर, मोटर, चार जागी चार दुखणी. एक गेलं तरी कळत नाही, कळतंय तवा इंजिनाचं हेड तापून वाकलेलं असतंय. अन् जिप्सीला क्लच फॅन देणारे काय येडे होते? जागा नसंल तर रेडिएटर पुढं सरकवा. स्पिटफायरचं नाक लांब आहे, पुढं जागाच जागा.

वाळूज_शिफ्ट_बी
काका, येडे नव्हते, पण कारण वेगळं आहे. जिप्सीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं, त्याचं तोंड रेडिएटरकडं. म्हणून पंखा पट्ट्यावर चालवता येतो. याच घराण्यातलं १२९८ सीसीचं इंजिन मारुती एस्टीममध्ये आडवं बसायचं. तिथं पट्ट्याचा पंखा रेडिएटरसमोर येणारच नाही, म्हणून इलेक्ट्रिक. त्या एस्टीम याच उन्हात एसी लावून वर्षानुवर्षं पळाल्या की! करंटचा पंखा लंगडा असता तर रस्त्याच्या कडेला रांगा लागल्या असत्या.

उलट पट्ट्याच्या पंख्याचं गणित बघा. सिग्नलला इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे वाऱ्याची खरी गरज तेव्हाच पंखा पेंगतो. ४००० वर गेलात की समोरून वारा फुकट मिळतो आणि हा उगाच ताकद खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. क्लच त्यासाठीच असतो, आणि धागाकर्त्यानं नेमका तोच काढून ठेवलाय.

परभणीकर_काका
एस्टीमचं रेडिएटर, काऊल, पंखा, सगळं एकमेकाला धरून केलेलं होतं. ह्यांचं रेडिएटर इंग्लंडच्या थंडीतलं. बाजारातला कुठला तरी पंखा आणून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जाळीत ओवतील अन् म्हणतील झालं!

वाळूज_शिफ्ट_बी
जाळीत ओवणाऱ्यांबद्दल काकांशी शंभर टक्के सहमत. गाडी हादरते तशा त्या पट्ट्या नळ्या घासतात आणि वर्षभरात रेडिएटर गळायला लागतं. ब्रॅकेट करा, फ्रेमला धरा.

बॅटरीवाला_लातूर
वायरिंगबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलतो. गाडीवर जुना डायनॅमो नाही ना? त्या काळचा लुकास सी४० म्हणजे सगळं मिळून २२ अँपिअर. बारा इंची पंखा चालू राहायला साधारण १० अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. रात्री हेडलाइट लावून सिग्नलला थांबलात तर बॅटरी बसलीच म्हणून समजा. जिप्सीचा अल्टरनेटर इंजिनासोबत आला असेल तर चिंता नाही. पंख्याचा करंट चावीतून आणायचा नाही, बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेतून (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारं स्विच) आणायचा. काकांच्या शंकेवरही उपाय आहे: डॅशबोर्डवर एक लाल दिवा आणि पंखा हातानं चालू करायचं वेगळं बटण. चाळीस रुपयांच्या रिलेपायी लोक हेड वाकवून घेतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आणि पंखा उलटा फिरला तर आधी वायरी बघा. वायरी उलट्या जोडल्या की मोटर उलटी फिरते. मग तो पुढून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडत बसतो, आणि मालक महिनाभर थर्मोस्टॅट बदलत राहतो.

गोदाकाठ
सगळे पंख्यावर तुटून पडलेत. गाडी नुसती उभी असतानाच तापते का, की पळतानाही?

सिडको_एन५
अल्टरनेटर जिप्सीचाच आहे. @गोदाकाठ, खरं सांगायचं तर दोन्ही. समृद्धीवर १०० च्या पुढं काटा हळूहळू चढतो. तिथं सिग्नल नाही, काही नाही.

गोदाकाठ
मग अर्धं दुखणं पंख्याचं नाहीच. साठच्या पुढं पंखा कुठलाही असो, काम समोरचा वारा करतो. पळताना तापते म्हणजे वारा रेडिएटरमधून न जाता बाजूनं पळतोय, नाहीतर पाणी फिरत नाही. दोन गोष्टी बघा. स्पिटफायरला ग्रिलपासून रेडिएटरपर्यंत दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठ्याचे पडदे असायचे. पन्नास वर्षांत ते सडतात आणि नवीन कुणी लावत नाही. दुसरं, रेडिएटरमध्ये आजवर कुठलं पाणी पडलंय? आपल्या बोअरचं पडलं असेल तर आतून क्षार धरलेला असणार. उघडून सळई मारून घ्या, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. ताकद मूळ मार्क ३ पेक्षा फार वाढलेली नाही, त्यामुळं रेडिएटर धड असेल तर पुरतं.

परभणीकर_काका
हे मी म्हणणारच होतो.

वाळूज_शिफ्ट_बी
काका, वर जाऊन वाचा, म्हणाला नव्हता.

सिडको_एन५
दहा दिवसांनी. पडदे नव्हतेच, जागेवर नुसती भोकं. ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बसवला. रेडिएटर उघडलं तर खालच्या नळ्यांत पांढरा थर, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या खपल्या निघाल्या. समृद्धीवर काटा आता मधेच थांबतो. क्रांती चौकात मात्र अजून चढतो, पहिल्यापेक्षा उशिरा.

तर पंखा इलेक्ट्रिकच लावतोय. एस्टीमचा काढून बघितला, मोटरच्या जाडीमुळं जागा पाव इंच कमी पडत होती. ब्रॅकेट वाकवून बसवला. काटा चढला की ९२ ला चालू, ८७ ला बंद. लाल दिवा आणि बटण दोन्ही लावलेत. मिस्त्रींनी फिटिंग करून दिली, पण जुना पंखा डिकीत ठेवायला लावलाय, पान्यासकट.

परभणीकर_काका
शहाणा आहे मिस्त्री. मे महिन्यात, दुपारची शिफ्ट सुटताना, वाळूजच्या पंढरपुरात (विठोबाचं नव्हे, एमआयडीसीजवळचं) गाडी अर्धा तास चालू ठेवून उभी करा. तवा बोलू.

सिडको_एन५
ठरलं. पाण्याचा कॅन तुम्ही आणा काका. बोअरचं नको.