शिक्षण की बेघर? दोन्ही एकत्रच धरा

देणगी देणाऱ्या कौटुंबिक ट्रस्टने मुलांचं शिक्षण किंवा बेघरांना मदत यांपैकी एकच काम धरावं, असं एक मत मांडलं जातं; ते मला पटत नाही. नाशिकच्या गोदाघाटावर उघड्यावर राहणाऱ्या मुलांचे हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्येच आहे. पण गोदावरीला पूर आला की बिऱ्हाड हलतं आणि शाळा सुटते. वह्या-दप्तरं द्यायला देणगीदार मिळतात हो; रोज सकाळी मुलांना गोळा करून वर्गापर्यंत पोचवणाऱ्या ताईच्या पगाराला मात्र कुणी पुढे येत नाही. ट्रस्टने तो पगार द्यावा, आणि तोही सलग तीन वर्षं. शिवाय सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी घाट मोकळे करतील तेव्हा ही कुटुंबं कुठे जाणार, हे महापालिकेला आत्ताच विचारावं.