सर्व्हिसेसनी एकमेकींशी कसं बोलायचं हे साध्या भाषेत कसं लिहावं? सल्ला हवाय

जेलरोड:
मंडळी, आम्ही इंदूरातच नमकीनच्या ऑनलाइन ऑर्डरींचं सॉफ्टवेअर सांभाळतो, ऑर्डर, पेमेंट, स्टॉक, डिलिव्हरी अशा चार सर्व्हिसेस, म्हणजे एकमेकींना मेसेज पाठवणारे वेगवेगळे प्रोग्राम, कोणी कोणाला केव्हा काय सांगायचं ते वर्डमध्ये लिहून ठेवतो. दिवाळीत घोळ झाला. ओळ होती "पेमेंट झालं की स्टॉक कमी होईल". पेमेंटचा मेसेज दोनदा आला, स्टॉक दोनदा कमी झाला, गोदामात लसणी शेव पडून आणि साइटवर "संपली". मालक काकांना बीपीएमएनचा, म्हणजे कामाचे टप्पे चौकटी-बाणांनी दाखवणारा, डायग्राम दाखवला तर बघेनात, पण लिहिलेलं शब्दन्‌शब्द वाचतात. काय वापरू?

राजवाडा:
ईअर्स (EARS) बघा, सिस्टिमने काय करायचं ते साध्या वाक्यांत लिहायची पद्धत. रोल्स-रॉइसमधल्या ॲलिस्टर मेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलं. ठरलेले साचे आहेत, "अमुक चालू असताना", "अमुक झाल्यावर", "जर नको ते झालं तर", आणि पुढे कोणती सिस्टिम काय करेल ते. तुमच्या ओळीत खरा दोष "होईल" हा आहे. आपल्या भाषेत होईल, केलं जाईल म्हटलं की करणारा गायब होतो. माझा नियम एकच, प्रत्येक वाक्याला कर्ता हवा आणि तो सर्व्हिसच हवी.

विजयनगर:
गर्किनही चांगलं, म्हणजे सॉफ्टवेअरने कसं वागायचं ते उदाहरणांतून लिहायची ठरीव भाषा, त्यात मराठी कीवर्ड आहेत आणि क्युकंबर या टूलमधून तीच वाक्यं टेस्ट म्हणून चालवता येतात. पण ते एकेका उदाहरणापुरतं, पूर्ण फ्लो त्यात विखुरतो. फ्लो ईअर्समध्ये, उदाहरणं गर्किनमध्ये, असं करा.

जेलरोड:
लिहून पाहिलं: "पेमेंटचा मेसेज आल्यावर ऑर्डर सर्व्हिस ऑर्डर नंबरासह स्टॉक सर्व्हिसकडे माल मागेल. तोच नंबर पुन्हा आला तर स्टॉक सर्व्हिस पहिलंच उत्तर देईल. जर १० सेकंदांत उत्तर नाही आलं, तर ऑर्डर सर्व्हिस पेमेंट सर्व्हिसला पैसे परत करायला सांगेल."

राजवाडा:
अरे भिया, उत्तर नाही आलं म्हणजे माल कापला नाही असं थोडंच आहे! उत्तरच वाटेत हरवलं असेल. त्याच नंबराने आधी पुन्हा विचारा, तरी गप्प असेल तर पैसे परत आणि "या नंबराचा माल सोड" हेही. सागा म्हणतात ते हेच, १९८७ पासूनचं, प्रत्येक पावलाला त्याचं उलटं पाऊल लिहून ठेवायचं.

जेलरोड:
सुधारून काकांना वाचायला दिलं. त्यांनी पहिलंच विचारलं, पैसे परत गेले आणि डिलिव्हरीवाला आधीच निघालेला असेल तर त्याला कोण थांबवणार? आमच्या कागदावर ते वाक्यच नव्हतं, आता तेच लिहितोय.