फॅन फिरतो, बंद पडतो, मग निळा स्क्रीन. दुकानवाला म्हणतो फॉर्मेट मारा

वडगाव_डीटीपी
नमस्कार मंडळी, घरच्या कॉम्प्युटरचं जरा विचारायचं होतं. जुना असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, विंडोज ७, डीडीआर३ रॅमच्या दोन पट्ट्या. नवीन घ्या म्हणून कुणी सांगू नका, घरात बसून लग्नपत्रिका नि मंडळांची पावतीपुस्तकं करतो, पेजमेकर, कोरल, मराठीचे जुने फॉन्ट, कन्नडला नुडी, सगळं त्याच्यातच बसवलेलं आहे.

तर झालंय असं की पाऊस लागल्यापासून सकाळी बटण दाबलं की फॅन फिरतो, दोन-तीन सेकंदात बंद, परत आपोआप फिरतो, परत बंद. मॉनिटरवर काहीच नाही, बीपसुद्धा नाही. असं करत करत कधीतरी चालू होतो, मग काळ्या स्क्रीनवर एफ१ दाबा म्हणून येतंय, तारीख २०११ सालची, आणि एफ१ दाबलं की विंडोजचा लोगो येतो न येतो तोवर निळा स्क्रीन चमकून जातो, वाचायलाही गावत नाही, मग आणि एकदा पहिल्यापासून. दुकानात नेलं तर त्यानं जरा बघितल्यासारखं केलं नि म्हणाला विंडोज उडालंय, फॉर्मेट मारायला लागतंय, डेटाची गॅरंटी नाही. श्रावण निम्मा संपला, मंडळाची पोरं रोज दारात उभी. काय करू सांगा. आणि एक, पेटीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतंय, त्याचा काय संबंध आहे काय?

शहापूर_पप्पू
मारा की फॉर्मेट, विंडोज ७ आता कोण वापरतंय, मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्येच सपोर्ट बंद केलाय

रिपेअर_बेळगाव
पप्पू, अरे सगळं त्याच्यातच बसवलेलं आहे म्हणून त्यांनी सुरुवातीलाच सांगितलंय की, वाच तरी.

फॉर्मेट अजिबात मारू नका भाऊ. फॅन फिरून बंद पडतो तेव्हा विंडोजचा अजून पत्ताच नसतो, हार्डडिस्क वाचायच्या आधीची भानगड आहे ती. मला तर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्यासारख्या दिसालेत.

फॅनचा खेळ बहुतेक रॅमचा. आपल्याकडं पावसाळ्यात भिंतींना ओल, पेटी जमिनीवर भिंतीला टेकून ठेवलेली, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर नि स्लॉटमध्ये थर बसतो नि काँटॅक्ट सुटतो. प्लग भिंतीतनं काढा, काढल्यावर बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला करंट उतरतो, मग दोन्ही रॅम काढून पोरांच्या दप्तरातल्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासा, चुरा कोरड्या ब्रशनं झाडा. पॉलिश पेपर घेऊ नका, वरचा मुलामाच जातोय. आता एकच पट्टी बसवा, कडेची कळ टक् करून बसेपर्यंत दाबा नि चालू करून बघा, नाही झालं तर दुसरी पट्टी, मग दुसरा स्लॉट. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशानं झालं ते कळत नाही. बीपचं मनावर घेऊ नका, बऱ्याच पेट्यांत तो बारका स्पीकर लावलेलाच नसतोय.

रॅमनं काही फरक पडला नाही तर एसएमपीएस, म्हणजे पेटीतला पॉवर सप्लायचा डबा, बघायचा. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मधे आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ च्या मधे यायला पाहिजे. वडगावात म्हणजे शेजारी माग असणारच, मागाची मोटर चालू झाली की लाईट डिम होतेय काय बघा. खरं एसएमपीएसचा डबा खोलू नका, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट असतोय.

तारीख २०११ म्हणजे बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपलाय, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद करता ना? बटण चालू असलं तर घड्याळ मेन लाईनवर चालतं, बंद केलं की सगळा भार त्या सेलवर.

आणि आता निळा स्क्रीन. सेल गेला की नुसती तारीख जात नाही, बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामची, सगळी सेटिंग कंपनीनं दिली तशी होतात. बोर्डानं हार्डडिस्कशी कसं बोलायचं ते साटा मोड ठरवतो, आयडीई ही जुनी पद्धत नि एएचसीआय ही नवी. जुन्या बऱ्याच बोर्डांत साटा मोड मग आयडीईवर जातोय आणि तुमचं विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असलं तर त्याला हार्डडिस्क दिसायचीच बंद होते नि निळा स्क्रीन येतो. विंडोज जिथल्या तिथं आहे, काही उडालेलं नाही. खात्री करायची तर लोगो यायच्या आधी एफ८ दाबत राहा, मेनूत ऑटोमॅटिक रिस्टार्ट डिसेबल करायची ओळ आहे ती घ्या, मग निळा स्क्रीन थांबतोय. खाली कोडच्या शेवटी ७बी असलं तर हेच. नवीन सेल घालून तारीख बरोबर करा, बायोसमध्ये जाऊन साटा मोड एएचसीआय करा, एफ१० नं सेव्ह. आधीच एएचसीआय दिसालं तर आयडीई करून बघा, मोड बदलल्यानं डिस्कवरचं काही पुसत नाही.

खानापूरकर_मॅडम
सगळं बरोबर, खरं त्याआधी डेटा काढून घ्या हो. हार्डडिस्क काढून साटा टू यूएसबी केबलनं दुसऱ्या कुणाच्याही लॅपटॉपला लावता येते. केबल घेताना १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलीच घ्या, लॅपटॉपच्या डिस्कची बिनअडॅप्टरची केबल येते तिच्यावर डेस्कटॉपची मोठी डिस्क फिरतच नाही. लावल्यावर विंडोजनं डिस्क फॉर्मेट करू काय म्हणून विचारलं तर तिथं नो. फॉन्टचं फोल्डर विसरू नका, नुसत्या पेजमेकरच्या फायली घेऊन बसाल नि फॉन्ट नसले तर सगळ्या पत्रिकेत भलतीच अक्षरं.

आमच्याकडं खानापुरात तर पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, पेटी मी टेबलावर ठेवते आणि काम नसलं तरी रोज थोडा वेळ चालू ठेवते, आतली ऊब राहते.

शहापूर_पप्पू
हेअर ड्रायर मारला तर चालतंय काय रॅमवर

रिपेअर_बेळगाव
गरम हवेनं नको रे. पंख्याखाली ठेव.

वडगाव_डीटीपी
झालं बघा! डेटा मेव्हण्याच्या लॅपटॉपवर काढून घेतला आधी, मॅडमनी सांगितलं ते फॉन्टसकट. रॅम घासून एक पट्टी लावली तर पहिल्या स्लॉटमध्ये तेच फिर-बंद, दुसऱ्या स्लॉटमध्ये गप चालू झाला. पट्टी बदलली तरी तसंच, म्हणजे पट्ट्या दोन्ही चांगल्या, स्लॉटच गेलाय. कोडच्या शेवटी ७बीच होतं. बायोसमध्ये आयडीई होतं ते एएचसीआय केलं नि विंडोज आलं, डेस्कटॉपवर गेल्या वर्षीचं पावतीपुस्तक तसंच. दुकानवाल्याला काय म्हणायचं आता.

दोन प्रश्न. एका पट्टीवर काम चालतंय खरं कोरल जड झालंय, दुसरी मोठी पट्टी डीडीआर४ घालू काय? आणि मुंग्यांचं राहिलंच.

रिपेअर_बेळगाव
डीडीआर४ बसतच नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते, जोर लावला तर उरलेला स्लॉटपण मोडेल. डीडीआर३ चीच ८ जीबीची एक जुनी बघा, पण आधी त्या बोर्डाला एका स्लॉटमध्ये ८ चालते काय ते बोर्डाचा नंबर टाकून शोधा. पहिल्या स्लॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पूर्ण वाळू द्या, एकदा बघायला हरकत नाही, नाही झालं तर सोडून द्या.

मुंग्या म्हणजे अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये लाईन नि न्यूट्रलकडनं दोन बारके कपॅसिटर पेटीच्या पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग असलं तर तो जरासा करंट जमिनीत जातो, नसलं की पत्र्यावर थांबतो नि तुमच्या हातातनं जातो, टेस्टर लावला तर लुकलुकतो. दोन पिनचा अडॅप्टर लावलाय काय बघा, जुन्या घरात हमखास असतो. तीन पिन असूनही होत असलं तर वायरमनला बोलवा, पावतीपुस्तकं होईपर्यंत थांबू नका, खाली ओली फरशी नि अनवाणी पाय असताना एसएमपीएसमध्ये खरंच शॉर्ट झाला तर मुंग्यांवर भागणार नाही.

वडगाव_डीटीपी
दोन पिनचाच आहे की हो. वायरमनला फोन लावालोय.